लाकडी रॅकेटच्या युगातील कठोर गुरू : हॅरी हॉपमन

आजही काही टेनिस प्रशिक्षक नवोदितांच्या हाती मुद्दाम जुनी लाकडी रॅकेट देतात. तिचा जाळीचा भाग लहान आणि वजन अधिक असते. चेंडू नेमका मध्यावर आला नाही, तर फटका फसतो. साहजिकच खेळाडूला पाय वेळेवर हलवावे लागतात आणि नजर चेंडूवर खिळवावी लागते. लाकडाखेरीज पर्यायच नव्हता, त्या काळात या शिस्तीवर पिढ्या घडवणारे गुरू म्हणजे ऑस्ट्रेलियाचे हॅरी हॉपमन.

१२ ऑगस्ट १९०६ रोजी सिडनीत जन्मलेले हॉपमन दुहेरीत निष्णात होते. एकेरीत मात्र ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या अंतिम फेरीत १९३० ते १९३२ अशी सलग तीन वर्षे त्यांना पराभव पत्करावा लागला. स्वतःला हुकलेले यश त्यांनी शिष्यांच्या पदरात टाकले. त्यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाने १९३९ ते १९६७ या काळात १६ वेळा डेव्हिस चषक जिंकला.

त्यांचा सराव कष्टप्रद असे. धावणे, व्यायाम आणि एका खेळाडूसमोर दोघांना उभे करून अखंड फटके. बेशिस्तीला दंड ठरलेला. तरीही तयार झालेले खेळाडू व्यावसायिक टेनिसकडे वळत आणि हॉपमन यांना पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागे. १९५२ नंतर सेजमन आणि मॅकग्रेगर गेले; पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये अवघ्या १९ वर्षांच्या होड आणि रोझवॉल यांनी अमेरिकेला ३-२ असे नमवले. लेव्हर, इमर्सन, न्यूकम्ब हे त्यानंतरचे.

भारतीयांनाही त्यांचा संघ आठवतो. १९६६च्या अंतिम लढतीत भारत ४-१ असा हरला. मात्र दुहेरीत रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकम्ब-रोश जोडीवर मात केली.

पुढे हॉपमन अमेरिकेत स्थायिक झाले. न्यूयॉर्कजवळील पोर्ट वॉशिंग्टनच्या अकादमीत त्यांच्या देखरेखीखाली सराव केलेल्या जॉन मॅकेन्रो यांनी १९८१मध्ये विम्बल्डन जिंकले, तेही लाकडी रॅकेटने. त्यानंतर तेथील पुरुष एकेरीचे विजेतेपद लाकडाला पुन्हा लाभले नाही.

२७ डिसेंबर १९८५ रोजी फ्लोरिडात हॉपमन यांचे निधन झाले, तेव्हा ग्राफाइटचे युग अवतरले होते. मात्र त्यांनी घोटून घेतलेले पायांचे काम नव्या रॅकेटलाही टाळता आलेले नाही. म्हणूनच अडगळीतील ते लाकूड अधूनमधून पुन्हा मैदानात येते.