सिमेंटमध्ये जीव ओतणारे करमरकर

गारखेडा, प्रतिनिधी : सिमेंट म्हटले की गारखेड्यासारख्या झपाट्याने वाढलेल्या वसाहतीतील रहिवाशाच्या डोळ्यांपुढे स्लॅब, कॉलम आणि गच्चीवरची पाण्याची टाकी उभी राहते. या करड्या भुकटीचा सौंदर्याशी काही संबंध असू शकतो, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अलीकडे मात्र दागिने आणि गृहसजावटीच्या वस्तू घडवणारे तरुण कलावंत सोने-चांदी बाजूला ठेवून काँक्रीट, कागद, भाजलेली माती, टाकाऊ प्लॅस्टिक अशा साहित्याकडे वळले आहेत. या प्रयोगांना नवे मानले जाते. परंतु ज्याला कलेच्या दरबारात स्थान नव्हते, त्या सिमेंटला मानाचे पान देणारा एक मराठी शिल्पकार गेल्या शतकातच होऊन गेला. त्यांचे नाव विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर.

करमरकर यांचा जन्म 1891 मध्ये तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील सासवने या गावी झाला. अलिबाग तालुक्यातील हे समुद्रकाठचे लहानसे खेडे. घरात गणेशमूर्ती घडवण्याची परंपरा असल्याने मातीशी त्यांची ओळख बालपणीच झाली. शाळकरी वयात हाती येईल त्या साधनाने चित्रे काढण्याचा छंद त्यांना जडला. गावातील राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचे चित्र रेखाटले. जिल्हाधिकारी ऑटो रॉथफिल्ड गावात आले असता त्यांच्या दृष्टीस ते पडले. चित्र काढणाऱ्या मुलाची त्यांनी चौकशी केली आणि त्याला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. एका अधिकाऱ्याच्या गुणग्राहकतेमुळे खेड्यातील मुलाच्या आयुष्याला वळण मिळाले.

जे. जे.मध्ये करमरकर यांनी मानाचे लॉर्ड मेयो पदक पटकावले. पुढे रवींद्रनाथ टागोर यांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या प्रोत्साहनाने ते कोलकात्याला गेले. तेथे व्यक्तिशिल्पकार म्हणून त्यांचा जम बसला. तरीही शिक्षणाची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. 1920 मध्ये ते इंग्लंडला गेले आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्यांनी अध्ययन केले. युरोपातील कलासंग्रहालये पाहून ते मायदेशी परतले, तेव्हा पाश्चात्त्य वास्तववादी शिल्पकलेवर त्यांचा हात चांगलाच बसला होता.

शिवस्मारकाचे शिवधनुष्य

करमरकर यांचे नाव घरोघरी पोहोचले ते पुण्याच्या अश्वारूढ शिवपुतळ्यामुळे. या स्मारकाचा संकल्प कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचा. 1921 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते कोनशिला बसली. मात्र 1922 मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले आणि काम पुढे नेण्याची जबाबदारी राजाराम महाराजांवर आली. करमरकर यांनी हे शिवधनुष्य उचलले. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा हा ब्राँझचा पुतळा मुंबईत माझगाव डॉक येथे एकसंध ओतण्यात आला. घोडा आणि स्वार यांचे सुटे भाग ओतून नंतर जोडण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी अवघड असते. वितळलेला धातू साच्याच्या कोनाकोपऱ्यांत एकाच वेळी पोहोचला नाही, तर महिनोन्‌महिन्यांचे श्रम वाया जातात. करमरकर यांनी ती जोखीम पत्करली आणि ते यशस्वी झाले. रेल्वेने पुण्याला नेताना एवढा उंच पुतळा घाटातील बोगद्यांमधून पार होईल की नाही, हीदेखील चिंताच होती. अखेर जून 1928 मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते अनावरण झाले. मंदिराच्या भिंतीवर शिवराय रेखाटणाऱ्या मुलाचा प्रवास येथे एका अर्थाने पूर्ण झाला. शिवाजीनगर भागातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात हा पुतळा आजही उभा आहे.

उपेक्षित साहित्याची निवड

एवढे यश लाभल्यावर ब्राँझ आणि संगमरवर यांतच रमणे त्यांना सहज शक्य होते. परंतु ही दोन्ही माध्यमे खर्चिक. संस्थानिक, धनिक किंवा सार्वजनिक समितीने काम सोपवल्याशिवाय शिल्पकाराला ती परवडत नाहीत. आणि काम सोपवणाऱ्याला हवा असतो तो आपला किंवा आपल्या पूर्वजांचा पुतळा. कोळीण, कष्टकरी, गोठ्यातली म्हैस यांच्यासाठी ब्राँझ कोण पुरवणार? करमरकर यांनी सिमेंट हाती घेतले, त्याचे मोल येथे कळते.

पोर्टलँड सिमेंटचे पेटंट 1824 मध्ये इंग्लंडमधील जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी घेतले. भारतात पोरबंदरच्या कारखान्यात सिमेंटचे उत्पादन सुरू झाले ते 1914 मध्ये. म्हणजे करमरकर यांच्या उमेदीच्या काळात हा पदार्थ इमारतींसाठीही नवाच होता. शिल्पासाठी तो वापरणे सोपे नाही. आधी मातीत मूर्ती घडवायची, तिच्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा आणि आत लोखंडी सळ्यांचा सांगाडा ठेवून सिमेंटचे मिश्रण भरायचे. माती ओली ठेवली तर दिवसेंदिवस वळते. सिमेंट मात्र काही तासांत आवळते आणि मग चूक सुधारण्यास वाव उरत नाही. पाणी जास्त झाले तर पृष्ठभागाला तडे जातात. या रुक्ष पदार्थातून कातडीचा मऊपणा आणि वस्त्राची चुणी दाखवणे हे खरे कौशल्य.

सासवने येथील त्यांच्या घराच्या आवारात हे कौशल्य आजही पाहावयास मिळते. तेथील सिमेंटची म्हैस इतकी हुबेहूब आहे की नवखा पाहुणा क्षणभर थबकतो. आपल्या गावातील माणसे आणि जनावरे करमरकर यांनी ज्या आत्मीयतेने घडवली, तिच्यात राजपुरुषांच्या पुतळ्यांइतकीच प्रतिष्ठा आहे. 1962 मध्ये त्यांना पद्मश्री किताबाने, तर 1964 मध्ये ललित कला अकादमीच्या फेलोशिपने गौरवण्यात आले. जून 1967 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात कुटुंबीयांनी सासवनेचे घर संग्रहालयाच्या रूपाने जपले.

मराठवाड्याच्या राजधानीला ही दृष्टी परकी वाटू नये. येथील बीबी का मकबऱ्यात संगमरवर मोजक्याच ठिकाणी आहे. बाकीची शोभा चुन्याच्या गिलाव्यातून साधली आहे. किनखापाचे वैभव सुताच्या साह्याने आवाक्यात आणणारी हिमरूही याच शहराची. साहित्य महाग नसले तरी हात कसबी असला तर वस्तू मोलाची होते, हे येथील कारागीर पूर्वीपासून जाणून आहेत.

मात्र नव्या साहित्याबरोबर नवी जबाबदारीही येते. सिमेंट अमर नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत आतील लोखंडाला गंज चढतो, गंजलेले लोखंड फुगते आणि बाहेरचे कवच तडकते. ब्राँझचा पुतळा शतकानुशतके टिकू शकतो. सिमेंटच्या शिल्पाची वेळोवेळी निगा राखावी लागते. पुण्याच्या पुतळ्याकडे सर्वांचे लक्ष असते. सासवनेच्या म्हशीचे आणि कष्टकऱ्यांचे काय, हा प्रश्न कलाप्रेमींनी आणि शासनानेही मनावर घेण्याजोगा आहे. मांडव्याच्या धक्क्यावर उतरून अलिबागकडे निघालेल्या पर्यटकाने वाटेत सासवने येथे तासभर जरी थांबून पाहिले, तरी सिमेंटकडे पाहण्याची त्याची नजर बदलल्याशिवाय राहणार नाही.