कॅलिप्सो आणि तिचा कप्तान

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या आरमारांपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. युद्धाच्या घाईत बांधलेल्या शेकडो लहान लाकडी नौका बंदराबंदरांत नांगरून पडल्या होत्या. किनाऱ्यावर गस्त घालणे, पाणसुरुंग काढणे, पाणबुड्यांचा माग काढणे ही त्यांची कामे संपली होती. मोठ्या युद्धनौकांप्रमाणे त्यांना राखून ठेवण्यात अर्थ नव्हता आणि त्यांच्या लाकडाला भंगारात भावही नव्हता. मग त्या मिळेल त्या किमतीला विकल्या गेल्या. कोणी त्यांत प्रवासी वाहिले, कोणी मासळी, तर कोणी नदीकाठी बांधून त्यांतच संसार थाटला. अशीच एक अमेरिकी सुरुंगशोधक नौका विलासनौका होऊन १९६२ मध्ये चित्रपट अभिनेता जॉन वेन याच्याकडे गेली. या साऱ्या नौकांत सर्वाधिक कीर्ती मात्र एकीच्याच वाट्याला आली. ती कॅलिप्सो. तिचा कप्तान जॅक-ईव कुस्तो याचे चरित्र तिच्यापासून वेगळे काढून सांगता येत नाही.

कुस्तोचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या सँ-आंद्रे-द-क्युब्झाक या गावी झाला. १९३० मध्ये तो नौदलाच्या प्रबोधिनीत दाखल झाला. त्याला वैमानिक व्हायचे होते. पण १९३६ मधील एका भीषण मोटार अपघातात त्याचे हात जायबंदी झाले आणि विमानाचे स्वप्न मिटले. हातांत बळ यावे म्हणून तो तूलाँजवळच्या समुद्रात पोहू लागला. त्याच सुमारास फिलिप ताइये या नौदलातील मित्राने त्याला पाण्याखाली पाहण्याचा चष्मा दिला. डोके पाण्याखाली नेताच दिसलेल्या त्या जगाने त्याच्या आयुष्याची दिशा ठरवली. फ्रेदेरिक द्युमा हा पट्टीचा बुडी मारणारा पुढे या दोघांना येऊन मिळाला.

बुडी मारणाऱ्याला त्या काळी मुख्यतः दोनच मार्ग होते. श्वास रोखून मिनिटभर खाली जायचे, नाहीतर पितळी शिरस्त्राण घालून, वरून येणाऱ्या हवेच्या नळीला बांधलेले राहायचे. कुस्तोला या दोहोंतून सुटका हवी होती. ती १९४२-४३ मध्ये, जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये सापडली. पेट्रोल शत्रूच्या ताब्यात गेल्यामुळे मोटारी गॅसवर चालवण्याची वेळ आली होती आणि त्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्याने गॅसचा दाब नियंत्रित करणारी एक झडप तयार केली होती. हीच झडप माणसाच्या श्वासाला जोडता येईल, हे दोघांच्या ध्यानात आले. पाण्याचा दाब जितका, तितक्याच दाबाची हवा, तीही श्वास घेतला तेव्हाच, ही त्या यंत्राची युक्ती होती. १९४३ च्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर कुस्तो ते पाठीवर बांधून उतरला आणि कोणत्याही दोराशिवाय माशासारखा विहरला. हेच अॅक्वालंग. आज गोव्यात ग्रँड आयलंडजवळ किंवा मालवण-तारकर्लीला स्कूबाची बुडी घेणारा प्रत्येक पर्यटक त्याच तत्त्वावर श्वास घेत असतो.

युद्ध संपल्यावर तूलाँमध्ये नौदलाच्या पाणबुड्यांचे एक संशोधन पथक उभारले गेले. किनाऱ्यालगत पेरलेले सुरुंग शोधणे हे त्याच्या पहिल्या कामांपैकी एक होते. नव्या यंत्राचे धोकेही याच वर्षांत कळले. १९४६ मध्ये व्हॉक्ल्यूझच्या खोल झऱ्यात उतरताना कुस्तो आणि द्युमा मरता मरता वाचले. हवा भरणाऱ्या यंत्राने स्वतःचाच विषारी धूर टाक्यांत ओढून घेतला होता. घरची परिस्थितीही सुखाची नव्हती. थोरला भाऊ पिएर-आंत्वान हा व्याप्त फ्रान्समध्ये नाझींची तळी उचलणारा पत्रकार होता. १९४६ मध्ये त्याला मृत्युदंड सुनावण्यात आला. पुढे ती शिक्षा सौम्य झाली आणि १९५४ मध्ये तो सुटला. देशभक्त म्हणून गौरवलेला एक भाऊ आणि देशद्रोही ठरलेला दुसरा, असे हे घर होते.

नौदलाच्या चौकटीत राहून आपल्याला हवे ते संशोधन आणि चित्रीकरण होणार नाही, हे कुस्तोला उमगले होते. त्याला स्वतःची नौका हवी होती. पैसे मात्र नव्हते. ती नौका माल्टात त्याची वाट पाहत होती.

अमेरिकेतील सिअॅटल शहराच्या बॅलार्ड भागातील गोदीत १९४२ मध्ये ती पाण्यात उतरली. उधार-भाडेपट्टा योजनेखाली ब्रिटिश आरमारासाठी बांधलेल्या या नौकेला तेव्हा नावही नव्हते, नुसता क्रमांक होता. लोखंडी तळाच्या जहाजाखाली चुंबकीय सुरुंग फुटतो, म्हणून सुरुंग काढणाऱ्या नौका लाकडाच्या बांधत. या नौकेचे अंग जवळजवळ बसवलेल्या फासळ्यांवर दुहेरी फळ्या ठोकून मजबूत केले होते. लांबी सुमारे ४२ मीटर, जुळी डिझेल इंजिने आणि वेग जेमतेम दहा नॉट. १९४३ पासून माल्टाच्या तळावरून तिने भूमध्य समुद्रात सुरुंग वेचले. युद्धानंतर आरमाराने तिला मोडीत काढले. मग तिला माल्टा आणि गोझो या बेटांमधील फेरीबोट करण्यात आले. माणसे, मोटारी आणि टपाल वाहणाऱ्या या बोटीला तिथेच कॅलिप्सो हे नाव मिळाले. होमरच्या महाकाव्यात ओडिसियसला सात वर्षे आपल्या बेटावर रोखून धरणारी अप्सरा कॅलिप्सो हिचे बेट म्हणजे गोझोच, अशी तिथली समजूत आहे.

कुस्तोच्या कल्पनेने भारावलेल्या लोएल गिनेस या ब्रिटिश धनिकाने १९५० मध्ये ही बोट विकत घेतली आणि वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने त्याच्या हवाली केली. आंतीब बंदरात तिचे रूप पालटले. नाळेपुढे, पाण्याच्या पातळीखाली, पोलादी निरीक्षणकक्ष बसवण्यात आला. त्याच्या काचेच्या गवाक्षांतून चालत्या बोटीसमोरचा समुद्र दिसे. तळाला भोक पाडून विहिरीसारखा मार्ग करण्यात आला, म्हणजे वर लाटा उसळत असतानाही पाणबुड्यांना सुखरूप खाली जाता येई. सुरुंगशोधक नौका म्हणून मिळालेले गुण आता वेगळ्या कामी आले. तिचा उथळ तळ प्रवाळांच्या रांगांमधून वाट काढी, जुळ्या इंजिनांमुळे ती जागच्या जागी वळे, आणि लाकडी अंगात हवे ते बदल गोदीतला सुतारही करू शके.

हा खर्च भागवण्यासाठी कुस्तोची पत्नी सिमोन हिने आपले दागिने आणि उंची फरचे कपडे विकले. नौदल अधिकाऱ्यांच्या घराण्यात जन्मलेल्या सिमोनने पुढची चाळीस वर्षे या बोटीचा संसार सांभाळला. आजाऱ्यांची शुश्रूषा, खलाशांची भांडणे, संपत आलेला शिधा आणि थकलेली बिले हे सारे तिच्याकडे असे. नवऱ्यापेक्षाही अधिक दिवस तिने बोटीवर काढले. पण कॅमेऱ्यापुढे ती क्वचितच आली. खलाशी तिला मेंढपाळीण म्हणत.

१९५१ च्या अखेरीस कॅलिप्सो तांबड्या समुद्राच्या पहिल्या मोहिमेवर निघाली. १९५२ मध्ये मार्सेयजवळच्या ग्राँ कोंग्लुए बेटाशी बुडालेल्या प्राचीन जहाजाचे उत्खनन सुरू झाले आणि हजारो मद्यकुंभ वर आले. या कामात एका तरुण पाणबुड्याचा जीव गेला. पुरातत्त्वज्ञ वर बोटीवर आणि खोदणारे खाली, अशी कामाची पद्धत असल्याने नोंदी अपुऱ्या राहिल्या. तिथे वेगवेगळ्या काळातली दोन जहाजे एकावर एक पडली होती, हे अनेक वर्षांनी सिद्ध झाले. तरीही समुद्रतळाचे पुरातत्त्व नावाची विद्याशाखा आकाराला आली ती अशाच धडपडीतून. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी गोव्याच्या सुंची खडकाजवळ पोर्तुगीजकालीन जहाजाचे अवशेष शोधले, त्यामागेही हीच परंपरा आहे.

१९५४ मध्ये पैशांची चणचण इतकी झाली की कुस्तोने पर्शियाच्या आखातात, अबुधाबीच्या किनाऱ्याजवळ, तेलकंपनीसाठी समुद्रतळाची पाहणी करण्याचे काम पत्करले. त्या समुद्रात पुढे विपुल तेल सापडले. सागराचा रखवालदार म्हणून जगाने ज्याला ओळखले, त्याची बोट काही काळ तेलाच्या पैशावर चालली, ही नोंद त्याच्या चरित्रातून वगळता येत नाही.

लुई माल या तरुण दिग्दर्शकाबरोबर केलेल्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक आणि पाठोपाठ ऑस्कर मिळाले. समुद्राच्या पोटातले रंग लाखो लोकांनी प्रथमच पाहिले. पण आज तो चित्रपट पाहताना अंगावर काटा येतो. माशांची मोजदाद करण्यासाठी प्रवाळात सुरुंगाचा स्फोट घडवला जातो. बोटीच्या पंख्याने जखमी झालेले व्हेल माशाचे पिल्लू मारले जाते आणि त्याच्याभोवती जमलेल्या शार्कना खलाशी चवताळून ठेचतात. तेव्हा या दृश्यांचे फारसे कोणाला काही वाटले नाही. कुस्तोलाही नाही. समुद्र अथांग आहे आणि माणसाने त्यातून हवे ते घ्यावे, हीच त्या पिढीची धारणा होती.

ती धारणा हळूहळू पालटली. १९५७ मध्ये तो मोनॅकोच्या सागरविज्ञान संग्रहालयाचा संचालक झाला. १९६० मध्ये फ्रान्सने अणुकचरा भूमध्य समुद्रात सोडायचे ठरवले, तेव्हा त्याविरुद्ध जनमत उभे करण्यात तो पुढे होता आणि सरकारला माघार घ्यावी लागली. असे असूनही १९६२ ते १९६५ या काळात त्याने समुद्रतळावर माणसांची वसाहत करण्याचे तीन प्रयोग केले. दुसऱ्या प्रयोगात सुदानच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली घरेच बांधली गेली. तिसऱ्यात सहा जण सुमारे शंभर मीटर खोलीवर तीन आठवडे राहिले. या प्रयोगांनाही तेलउद्योगाचे साहाय्य होते. नंतर कुस्तोने या मार्गाकडे पाठ फिरवली. वर्षानुवर्षे त्याच त्या जागी परतून बुडी मारताना त्याला दिसत होते की मासे कमी झाले आहेत आणि प्रवाळ करडे पडत आहेत.

१९६८ पासून त्याची दूरचित्रवाणी मालिका घरोघर पोहोचली. लाल लोकरी टोपी घातलेला तो कृश माणूस आणि ती पांढरी बोट जगभरच्या मुलांच्या ओळखीची झाली. कॅलिप्सो अंटार्क्टिकाच्या बर्फात गेली, अॅमेझॉन नदीतही शिरली. १९७३ मध्ये सागररक्षणासाठी कुस्तो सोसायटी स्थापन झाली. अंटार्क्टिकातील खनिज उत्खननाविरुद्ध त्याने चालवलेल्या स्वाक्षरी मोहिमेचा १९९१ च्या माद्रिद करारात मोठा वाटा होता.

कीर्ती वाढत असताना घर मात्र रिते होत गेले. धाकटा मुलगा फिलिप हा वैमानिक, छायाचित्रकार आणि वडिलांचा वारस मानला जाई. तो ज्या कॅटालिना विमानातून मोहिमांवर जाई, ते मूळचे सागरी गस्तीसाठी घडवलेल्या प्रकारचे होते. कॅलिप्सोप्रमाणेच युद्धाच्या गरजेतून जन्मलेले आणि शांततेच्या कामाला लावलेले. २८ जून १९७९ रोजी लिस्बनजवळ तागुस नदीवर उतरताना ते कोसळले आणि फिलिप गेला. त्यानंतर थोरला मुलगा झाँ-मिशेल वडिलांच्या मदतीला आला. १९९० मध्ये सिमोनचे निधन झाले. पुढच्याच वर्षी कुस्तोने दुसरा विवाह केला. या नात्यातून त्याला आधीच दोन अपत्ये होती. नावाच्या वापरावरून थोरल्या मुलाशी वाद न्यायालयापर्यंत गेला.

८ जानेवारी १९९६ रोजी सिंगापूर बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाली. काही दिवसांनी तिला वर काढले, पण ती पुन्हा समुद्रात जाण्याजोगी उरली नव्हती. पंच्याऐंशी वर्षांचा कुस्तो नव्या नौकेसाठी निधी उभारण्याच्या प्रयत्नाला लागला. ती नौका त्याला पाहायला मिळाली नाही. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. जन्मगावच्या भूमीतच त्याचे दफन झाले.

मागे राहिलेल्या बोटीची फरफट झाली. ती ला रोशेल बंदरात वर्षानुवर्षे कुजत पडली. मालकी कोणाची आणि खर्च कोणी करायचा, यावर खटले चालले. २००७ मध्ये ब्रिटनीतील एका गोदीत दुरुस्ती सुरू झाली, तीही दोन वर्षांत वादामुळे थांबली. २०१६ मध्ये तिचा सांगाडा तुर्कस्तानला नेण्यात आला. पुढच्या वर्षी तिथे लागलेल्या आगीत तिचे लाकूड आणखी जळाले.

ही बोट चार-पाच वर्षांच्या युद्धापुरतीच घडवली होती. फुटल्या तर कोणी हळहळू नये, अशा बेताने बांधलेल्या असंख्य नौकांपैकी ती एक. तिच्या बरोबरीच्या बहुतेक नौका केव्हाच चिखलात विरून गेल्या. तिने मात्र सुरुंग वेचले, टपाल वाहिले, तेल शोधले, प्रवाळांवर आघात केले आणि शेवटी त्याच प्रवाळांची बाजू जगासमोर मांडली. तिच्या कप्तानाचा प्रवासही याच टप्प्यांनी झाला. सुरुवातीला समुद्र जिंकायला निघालेला हा नौदल अधिकारी, आपण काय गमावतो आहोत हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून बदलला आणि त्या बदलाचा पुरावाही त्याच्याच चित्रफितींत राहिला. जुनी चित्रफीत आणि आजचा समुद्र शेजारी ठेवले तर दोहोंतला फरक सांगायला तज्ज्ञ लागत नाही.