रक्त न सांडणारा शल्यविशारद

नवजात बाळाचे खुबे तपासायला एक-दोन मिनिटे पुरतात. ही तपासणी राहून गेली तर बाळ रडत नाही, दूध पिणे सोडत नाही, घरात कोणाला काही कळत नाही. कळते ते वर्ष-दीड वर्षाने, मूल चालू लागल्यावर. मग प्लास्टर, शस्त्रक्रिया, वर्षानुवर्षांचे हेलपाटे आणि काही वेळा न्यायालय. अशा दाव्यात डॉक्टरचा दोष नेमका कुठे सुरू होतो, हे समजून घ्यायला व्हिएन्नाच्या डॉ. अडॉल्फ लोरेन्झ यांचे आयुष्य उपयोगी पडते. एकेकाळी जगातल्या सर्वांत प्रसिद्ध डॉक्टरांत त्यांची गणना होत असे.

लोरेन्झ यांचा जन्म १८५४ सालचा. ऑस्ट्रियन साम्राज्याच्या सायलेशिया प्रांतातले वायडेनाऊ हे त्यांचे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील घोड्यांचे साज बनवणारे कारागीर, घरची परिस्थिती बेताची. एक मामा ख्रिस्ती मठात होते. त्यांच्या आधाराने अडॉल्फ शिकले आणि १८८० साली व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडले. एडुआर्ड अल्बर्ट या नामवंत शल्यविशारदाच्या हाताखाली त्यांना काम मिळाले. पुढचा मार्ग सरळ दिसत होता.

आडवे आले ते कार्बोलिक आम्ल. त्या काळी जंतू मारण्यासाठी शल्यविशारदांचे हात आणि हत्यारे या आम्लाच्या पाण्यात बुडवून काढत. लोरेन्झ यांच्या कातडीला ते सोसेना. हातांना इसब झाला, तो काही केल्या बरा होईना. ज्याला हातच धुता येत नाहीत, त्याने शस्त्रक्रिया कशी करायची? अल्बर्ट यांनी त्यांना वेगळी वाट सुचवली. चिरफाड बाजूला ठेवून हाताच्या कौशल्याने, पट्ट्यांनी आणि प्लास्टरने बरे करता येतील असे आजार हाती घ्यावेत. लोरेन्झ वाकड्या हाडांच्या आणि निखळलेल्या सांध्यांच्या मुलांकडे वळले ते असे, नाइलाजाने.

या मुलांत एक मोठा गट जन्मापासून खुबा निखळलेल्यांचा होता. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचे चेंडूसारखे टोक कमरेच्या हाडातल्या वाटीत बसते. बाळपणी ही वाटी कूर्चेची, मऊ असते. चेंडू तिच्यात नीट बसलेला असेल तरच ती खोल आणि गोल घडत जाते. तो बाहेर राहिला तर वाटी उथळ राहते, स्नायू आखडतात आणि मूल लंगडत किंवा बदकासारखे डुलत चालू लागते. त्या काळी निदान होई ते ही चाल पाहूनच. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. त्याआधी सांध्याच्या आत काय आहे हे दिसण्याची सोयच नव्हती.

१८९०च्या सुमारास जर्मनीचे अल्बर्ट होफा सांधा उघडून चेंडू वाटीत बसवत होते. लोरेन्झ यांनीही त्या शस्त्रक्रियेत सुधारणा केल्या. पण जखमेत पू होण्याची आणि सांधा कायमचा ताठ होण्याची भीती मोठी होती. म्हणून त्यांनी न कापता सांधा बसवण्याची पद्धत घडवली. इटलीचे आगोस्तिनो पाची यांनी त्या दिशेने आधीच प्रयत्न केले होते आणि पहिला मान कोणाचा यावरून वादही झाला. लोरेन्झ मुलाला भूल देत, पाय ताणून आखडलेले स्नायू सैल करत, मांडी वाकवून बाहेर फाकवत आणि चेंडू वाटीच्या कडेवरून आत ढकलत. नंतर मांड्या बेडकासारख्या फाकलेल्या अवस्थेत कित्येक महिने प्लास्टर. रक्ताचा थेंबही सांडत नसे.

त्यांची कीर्ती अमेरिकेपर्यंत पोहोचली. शिकागोचे मांस-व्यापारी ओग्डेन आर्मर यांची पाच-सहा वर्षांची मुलगी लोलिता हिचे दोन्ही खुबे जन्मापासून निखळलेले होते. १९०२ साली आर्मर यांनी प्रचंड मानधन देऊन लोरेन्झ यांना बोलावून घेतले. तिथल्या राज्याच्या नियमाप्रमाणे या जगप्रसिद्ध प्राध्यापकालाही आधी वैद्यकीय परवाना घ्यावा लागला. लोलितावर उपचार झाले, पुढे ती चालू लागली. वर्तमानपत्रांनी ही बातमी देशभर नेली. लोरेन्झ ज्या शहरात जात तिथे गोरगरीब आईबाप लंगड्या मुलांना घेऊन गर्दी करत, आणि ते अनेकांवर मोफत उपचार करत. अमेरिकेतल्या कमाईतून त्यांनी डॅन्यूब नदीकाठी आल्टेनबर्गला मोठे घर बांधले. १९०३ साली जन्मलेला त्यांचा मुलगा कोनराड याच घरात वाढला आणि प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ साली नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरला.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचे चलन कोसळले आणि लोरेन्झ यांची आयुष्याची पुंजी मातीमोल झाली. १९२१ साली, सदुसष्टाव्या वर्षी, ते पुन्हा अमेरिकेत गेले. मुलांची गर्दी तशीच झाली, पण न्यूयॉर्कच्या काही डॉक्टरांनी या वेळी उघड विरोध केला. १९४६ साली आल्टेनबर्गलाच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पद्धतीची दुसरी बाजू मात्र काळाच्या ओघात पुढे आली. मांडीच्या हाडाच्या टोकाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी बारीक असतात. पाय जोराने फाकवून तसाच बांधून ठेवला तर त्या दाबल्या जातात आणि चेंडूचे हाड मरते, चपटे होते. सांधा जागेवर बसलेला, मूल चालणारे, पण पुढे तरुणपणीच झिजलेला खुबा आणि कायमची दुखण्याची साथ. मूल जितके मोठे तितका जोर जास्त आणि धोकाही जास्त. वय वाढले की यश कमी होते, हे लोरेन्झ स्वतःही सांगत.

मग हा निष्काळजीपणा होता का? इंग्लंडमध्ये १९५७ च्या बोलम खटल्याने घालून दिलेली आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात स्वीकारलेली कसोटी सांगते की, डॉक्टरचे वागणे त्या काळच्या ज्ञानावर आणि त्याच क्षेत्रातल्या सक्षम डॉक्टरांच्या रीतीवर तोलायचे. वाईट निकाल म्हणजे आपोआप गुन्हा नव्हे. या तराजूत लोरेन्झ निर्दोष ठरतात. बाळ जन्मताच खुबा ओळखण्याची खात्रीची रीत त्यांच्या उमेदीच्या काळात रूढ नव्हती आणि त्यांच्याकडे येणारी मुले उशिराच येत.

आज तो बचाव उरलेला नाही. इटलीतल्या फेरारा शहराचे बालरोगतज्ज्ञ मारिनो ओर्तोलानी यांच्याकडे एक आई बाळाला घेऊन आली. बाळाला धुताना खुब्यात काहीतरी खटकते, अशी तिची तक्रार होती. ओर्तोलानी यांनी ती हसण्यावारी नेली नाही. १९३७ साली त्यांनी ती खूण प्रसिद्ध केली आणि आज बाळाच्या तपासणीत त्यांचे नाव रोज घेतले जाते. चेक डॉक्टर अर्नोल्ड पावलिक यांनी चाळीसच्या दशकात मऊ पट्ट्यांचा साज तयार केला. त्यात बाळ पाय हलवत राहते आणि सांधा जबरदस्तीशिवाय जागी बसतो. १९८० साली ऑस्ट्रियाच्याच राइनहार्ड ग्राफ यांनी खुब्याची सोनोग्राफी रूढ केली आणि १९९२ पासून ऑस्ट्रियात ती प्रत्येक नवजात बाळासाठी होऊ लागली.

म्हणूनच आजच्या दाव्यांत दोन प्रकार ठळक दिसतात. एक निदानाचा : खुबे तपासले का, धोका असूनही सोनोग्राफी का केली नाही, आईची तक्रार कोणी लिहून घेतली का? दुसरा उपचाराचा : पाय प्रमाणाबाहेर फाकवले का, पट्टे लावल्यावर सांधा खरोखर बसला हे पाहिले का, नाही बसला तर उपचार वेळेत बदलले का? नीट तपासूनही काही खुबे सुरुवातीला हाताला लागत नाहीत. तो दोष नव्हे. पण तपासणीची नोंदच केसपेपरवर नसेल, तर तपासले होते हे न्यायालयाला पटवणे अवघड जाते.

आईवडिलांनी लक्षात ठेवायचे ते थोडेच. पायाळू बाळ, पहिली मुलगी किंवा घरात आधी कोणाला हा त्रास असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि सहा आठवड्यांनी खुबे पुन्हा तपासून घ्यावेत. अशा बाळांची सोनोग्राफी करून घेणे चांगले. पाय सरळ ताणून बाळाला दुपट्यात करकचून गुंडाळू नये. मांड्या मोकळ्या राहू द्याव्यात. मान धरू लागल्यावर कडेवर घेण्याची आपली जुनी पद्धत खुब्याला मानवणारीच आहे. लंगोट बदलताना एक मांडी कमी फाकत असेल किंवा एक पाय आखूड वाटत असेल, तर मूल चालेपर्यंत थांबू नये. लोलिता आर्मरला सहाव्या वर्षी व्हिएन्नाहून डॉक्टर आणावा लागला. आज बाळाचे निदान प्रसूतीच्या वॉर्डातच, घरी जाण्याआधी होऊ शकते.