आधी ओळखा, मग फवारा!

मागच्या पावसाळ्यात आमच्या परसातल्या लिंबाच्या रोपाची पानं कडेने कुरतडलेली दिसू लागली. शेजारच्या काकूंनी लगेच फवारणीची बाटली पुढे केली. पण पानं उलटसुलट करून बघितली, तर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या चार-पाच अळ्या निवांत बसलेल्या. हाताने वेचल्या, काम झालं! बाटली तशीच परत गेली. त्या दिवशी मला एलिनॉर ऑर्मरॉडची फार आठवण झाली. कोणत्या पानावर कोणती कीड, हे ओळखण्यात या इंग्रज बाईने आपलं सारं आयुष्य घातलं.

मैत्रिणींनो, एलिनॉरचा जन्म ११ मे १८२८ चा. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात वडिलांची मोठी इस्टेट होती. दहा भावंडांत ही सर्वांत धाकटी. मुलींनी शाळा-कॉलेजात जाण्याचा तो काळ नव्हता. जे काही शिकली ते घरीच, आईच्या हाताखाली. १८५२ मध्ये तिने भुंगेऱ्यांवरचं एक पुस्तक विकत घेतलं आणि एकटीनेच किड्यांचा अभ्यास सुरू केला. पुढे १८६८ मध्ये तिथल्या बागकाम संस्थेने उपद्रवी आणि उपयोगी किड्यांचा संग्रह करायचं ठरवलं. एलिनॉरने इस्टेटीवरच्या मजुरांना हाताशी धरलं, किडे गोळा केले आणि पाठवत राहिली. शेतात राबणाऱ्या माणसाला किडा आधी दिसतो, हे तिला पक्कं माहीत होतं.

१८७३ मध्ये वडील गेले. एलिनॉर तेव्हा पंचेचाळीस वर्षांची, अविवाहित. इस्टेट सुटली. थोरली बहीण जॉर्जियाना आणि ती, दोघींनी वेगळं बिऱ्हाड केलं. आपल्याकडे या वयात बाईला आता काय राहिलं, असं म्हणतात. एलिनॉरचं खरं काम तर इथूनच सुरू झालं!

१८७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तिने एक छोटं पत्रक छापून ओळखीच्या शेतकऱ्यांना आणि बागायतदारांना पाठवलं. तुमच्या पिकावर कोणता किडा दिसला, त्याने काय नुकसान केलं, ते कळवा, एवढीच विनंती. उत्तरं येऊ लागली. पाठोपाठ खाल्लेली पानं, अळ्या, कोषसुद्धा टपालाने घरी येऊ लागले! एलिनॉर ते तपासून प्रत्येकाला उत्तर लिही. जॉर्जियाना चित्रं काढी. दरवर्षी या माहितीचा अहवाल निघे, तोही पदरचे पैसे घालून. दोन दशकांहून जास्त काळ हे चाललं. १८८२ पासून दहा वर्षं ती तिथल्या शाही कृषी संस्थेची कीटक सल्लागार होती, तेही मानधनाशिवाय.

ओळखण्याने काय साधतं? सलगमच्या कोवळ्या पानांना बारीक भोकं पडत. शेतकरी म्हणत, माशी लागली. प्रत्यक्षात तो उड्या मारणारा चिमुकला भुंगेरा. १८८१ मध्ये त्याने फार नुकसान केलं, तेव्हा एलिनॉरने त्यावर खास अहवाल लिहिला. सफरचंदाची पानं फस्त करणाऱ्या एका अळीचा पतंग थंडीत बाहेर पडतो. त्याच्या मादीला उडण्याजोगे पंखच नसतात, ती खोडावरून चढून अंडी घालते. हे कळलं की खोडाला चिकट पट्टा बांधला, तरी ती अडकते. विष लागतच नाही.

पण एलिनॉरच्या हातून चुकाही झाल्या. १८९० च्या सुमारास बागांतल्या अळ्यांसाठी तिने पॅरिस ग्रीन नावाच्या सोमलयुक्त भुकटीचा जोरदार पुरस्कार केला. ते किती घातक आहे हे आज आपण जाणतो. चिमण्या पीक खातात म्हणून त्या मारा, असंही तिने सांगितलं. त्यावर तेव्हाच पुष्कळ टीका झाली.

१८९६ मध्ये जॉर्जियाना गेली. एलिनॉर काम करतच राहिली. १९०० मध्ये एडिंबरा विद्यापीठाने तिला सन्मानाची डॉक्टरेट दिली. तिथे हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. पुढच्याच वर्षी, १९ जुलै १९०१ ला, ती वारली.

मैत्रिणींनो, हे सगळं सांगायचं कारण म्हणजे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांच्या घरच्या बायकांचं दुःख काय सांगावं! नीट ओळख झाली तर निदान नको ती फवारणी टळते. पानात पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या, तर नागअळी पानाच्या आत आहे. कोवळी पानं चिकट होऊन मुरडली, तर खाली मावा बघा. त्याच मावा खाणाऱ्या ढालकिड्याची काळी-नारिंगी अळी मात्र मारू नका, ती आपली मैत्रीण! २०१८ मध्ये आपल्या देशात आलेल्या मक्यावरच्या लष्करी अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय असतो आणि शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके.

हे बघायला डिग्री लागत नाही, एलिनॉरकडेही नव्हती. उद्या सकाळी तुळशीला पाणी घालाल ना, तेव्हा शेजारच्या झाडाचं एक पान उलटून बघा. आणि ओळखता नाही आलं, तर ते किड्यासकट डबीत घालून सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवा. बाटली त्यानंतर.