पुणतांब्याचे अण्णा

माझे वडील लग्नाच्या बॅण्डमध्ये क्लॅरिओनेट वाजवतात. कॉलेजात हे सांगताना मला संकोच वाटे. संगीतकार सी. रामचंद्रांविषयी वाचले आणि माझे मन बदलले.

रामचंद्र चितळकर ऊर्फ अण्णा १९१८ साली नगर जिल्ह्यातील पुणतांब्यास जन्मले. पुण्यात त्यांनी विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय गायनाचे धडे गिरवले. १९३५ मध्ये 'नागानंद' चित्रपटात ते नायक झाले. पुढे सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमवादक म्हणून राहिले.

अमेरिकन क्लॅरिओनेटवादक बेनी गुडमनचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. 'अलबेला' (१९५१) मध्ये त्यांनी क्यूबातल्या बोंगोच्या जोडीला ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि क्लॅरिओनेट आणले. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांच्यासोबत होते. म्हणून अण्णा रागदारी विसरले, असे मात्र नाही. दोनच वर्षांनी आलेले 'अनारकली'चे संगीत त्याची साक्ष देते. १९८२ मध्ये ते निवर्तले.

परके वाद्य त्यांनी आपल्या मातीत रुजवले. तेच वाद्य आमच्या घरी खुंटीला टांगलेले असते. वडील शाळेत गेले नाहीत, पण वरातीत 'अलबेला'ची चाल बिनचूक वाजवतात. आता हे मी वर्गात आपणहून सांगतो.

— द्वितीय वर्ष, कला