सम्राटाची खासगी वही

स्टोइक तत्त्वज्ञान म्हणजे दुःख मुकाट्याने गिळण्याची कला, असा एक सोयीस्कर समज अलीकडे रूढ होत चालला आहे. यशाच्या गुरुकिल्ल्या विकणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी आता या तत्त्वज्ञानाची वचनेही मांडलेली दिसतात. जगाचे काहीही होवो, आपले चित्त शाबूत राहिले म्हणजे झाले, असा बोध वाचकाने त्यांतून घ्यावा अशी अपेक्षा असते. या बोधाला ज्याचे नाव सर्वांत अधिक वेळा जोडले जाते, त्या रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचे चरित्र मात्र अगदी वेगळी साक्ष देते.

मार्कसचा जन्म इ. स. १२१ मध्ये रोम येथे झाला. पित्याचे छत्र बालपणीच हरपले. सम्राट हेड्रियनची दृष्टी या गंभीर प्रकृतीच्या मुलावर पडली आणि त्याच्याच योजनेनुसार १३८ मध्ये अँटोनिनस पायसने त्याला दत्तक घेतले. पुढील २३ वर्षे मार्कसने राज्यकारभाराची उमेदवारी केली. याच काळात रस्टिकस नावाच्या गुरूने त्याच्या हाती एपिक्टेटसची प्रवचने दिली. एपिक्टेटस हा गुलामगिरीतून वर आलेला, पायाने अधू असलेला आणि डोमिशियनच्या अमदानीत रोममधून हद्दपार झालेला शिक्षक होता. आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, हा विवेक त्याच्या शिकवणीचा गाभा होय. भावी सम्राटाने एका माजी गुलामाचे शिष्यत्व मनोमन पत्करावे, ही घटना त्या तत्त्वज्ञानाच्या सर्वस्पर्शी स्वरूपाचा पुरावाच मानली पाहिजे.

१६१ मध्ये मार्कस सिंहासनावर आला. सत्ता एकट्याच्या हाती येत असताना त्याने आग्रहाने आपला दत्तकबंधू लुसियस व्हेरस यास बरोबरीचा सम्राट केले. त्यानंतर संकटांनी त्याची पाठ सोडली नाही. टायबर नदीला महापूर आला व पाठोपाठ दुष्काळ पडला. पूर्वेस पार्थियनांशी युद्ध जुंपले. ते जिंकून परतणाऱ्या सैन्याने एक भयंकर साथ बरोबर आणली. ती बहुधा देवीची असावी असे अनेक अभ्यासक मानतात. ती साथ वर्षानुवर्षे रेंगाळली. उत्तरेकडील जर्मानिक टोळ्या डॅन्यूब ओलांडून थेट इटलीच्या भूमीवर उतरल्या. १६९ मध्ये व्हेरसही मरण पावला.

येथे त्या विवेकाची खरी कसोटी लागली. साथ आवरणे कोणाच्याही हाती नव्हते. परंतु गरिबांच्या प्रेतांची विटंबना होऊ न देणे हाती होते. त्यांच्या अंत्यविधीचा खर्च सरकारी तिजोरीतून झाल्याची नोंद त्याच्या प्राचीन चरित्रात आढळते. युद्धासाठी पैसा उरला नाही, तेव्हा प्रांतांवर नवा कर लादण्याऐवजी त्याने राजवाड्यातील सोन्याची पात्रे, रत्ने व भरजरी वस्त्रे लिलावात काढली, असेही तेच चरित्र सांगते. वैभवाबद्दलची अनासक्ती ही त्याच्या लेखी खासगी साधना राहिली नाही, प्रजेवरचा बोजा हलका करण्याच्या कामी ती आली.

घरातील दुःखही थोडे नव्हते. त्याला किमान १४ अपत्ये झाली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक बालवयातच दगावली. १७५ मध्ये अविडियस कॅसियस या विश्वासातील सेनापतीने बंड करून स्वतःस सम्राट म्हणविले. थोड्याच महिन्यांत त्याच्याच माणसांनी त्याचा वध केला. शत्रूचे मस्तक पाहण्यास मार्कसने नकार दिला आणि सूडसत्र टाळले. त्याच सुमारास पत्नी फॉस्टिना प्रवासात निवर्तली.

डॅन्यूबच्या आघाडीवरील या वर्षांत त्याने ग्रीक भाषेत स्वतःसाठी काही टिपणे लिहिली. तीच आज ‘मेडिटेशन्स’ या नावाने जगभर वाचली जातात. ती प्रसिद्धीसाठी लिहिलेली नव्हती, ही गोष्ट महत्त्वाची आहे. एकच उपदेश तो स्वतःला पुनःपुन्हा करतो. राग आवर, कामाला लाग, कीर्तीच्या मागे धावू नकोस, असा त्याचा आशय. ज्याला हे सारे साधले आहे, तो ते रोज लिहीत बसत नाही. सिद्ध पुरुषाची वाणी म्हणून ही वही वाचण्यापेक्षा एका थकलेल्या माणसाचा नित्याभ्यास म्हणून ती वाचणे अधिक न्याय्य ठरेल. तिचा पहिला भाग तर आप्त व गुरुजनांच्या ऋणांची यादीच आहे. माणूस एकटा घडत नाही आणि म्हणून एकट्यासाठी जगूही शकत नाही, हा विचार त्या वहीत ठायी ठायी येतो.

तथापि मार्कसची आरती ओवाळण्याचे कारण नाही. त्याच्याच कारकीर्दीत, १७७ मध्ये, लियाँ येथे ख्रिस्ती लोकांचा अमानुष छळ झाला. गुलामांच्या शिकवणुकीवर पोसलेल्या या सम्राटाने गुलामगिरीच्या संस्थेस हात घातला नाही. योग्य व्यक्तीस दत्तक घेण्याची आधीच्या सम्राटांची प्रथा सोडून त्याने पुत्र कमोडस यास वारस केले. १८० मध्ये मार्कसच्या मृत्यूनंतर साम्राज्याला त्याची जबर किंमत मोजावी लागली. जे आपल्या हाती नाही असे आपण म्हणतो, त्यांतील काही गोष्टी वस्तुतः आपल्या हाती असतात, एवढा धडा या अपयशांतून अवश्य घ्यावा.

२०२० च्या महासाथीत आपल्या देशाने दोन्ही प्रकारची माणसे पाहिली. काहींनी दारे लावून मनःशांती जपली. काहींनी भीती बाळगूनही शेजाऱ्याच्या दाराशी डबा पोचविला, अनोळखी मृतांना अग्नी दिला. मार्कसचे नाव घेण्याचा अधिकार कोणाचा, हे सांगण्याची आवश्यकता नाही. घरातील दीर्घ आजार, गेलेली नोकरी, जवळच्यांनी केलेला दगा यांपैकी काहीही कोणाला चुकत नाही. अशा वेळी मन स्थिर ठेवावे ते दुःख जाणवू नये म्हणून नव्हे, तर दुःखातही दुसऱ्याच्या उपयोगी पडता यावे म्हणून. स्टोइकांचा हा अर्धा धडा गाळून उरलेला अर्धा विकणे ही त्या सम्राटाची व वाचकांचीही फसवणूक होय.