जे.आर.डी. टाटा यांचे वैमानिक जीवन

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा (जन्म : पॅरिस, २९ जुलै १९०४, मृत्यू : जिनिव्हा, २९ नोव्हेंबर १९९३) हे भारतीय उद्योगपती, वैमानिक आणि भारतातील नागरी विमानवाहतुकीचे प्रवर्तक होते. भारतात वैमानिकाचा परवाना मिळवणारे ते पहिले होत. त्यांचे आरंभीचे उड्डाण शेपटीला घसरपट्टी किंवा लहान चाक असलेल्या हलक्या विमानांतून झाले. अशी विमाने हवेत सौम्य, परंतु जमिनीवर हट्टी असत. त्यामुळे त्यांनी उभारलेल्या टपालसेवेचे यश जितके आकाशात, तितकेच मैदानाच्या मातीवर ठरले.

बालपण

त्यांचे वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजी टाटा यांचे नातलग व सहकारी होते. आई सुझान ब्रिएर या फ्रेंच होत्या. बालपणाचा बराच काळ फ्रान्समध्ये गेला. तेथील हार्डेलो या समुद्रकाठच्या गावी इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरियो यांच्या कुटुंबाचे शेजारी म्हणून वास्तव्य असे. त्या किनाऱ्यावर उतरणारी विमाने पाहून त्यांना उड्डाणाची ओढ लागली. फ्रेंच सैन्यात काही काळ सेवा केल्यानंतर १९२५ मध्ये ते भारतात येऊन टाटा उद्योगात उमेदवारी करू लागले.

वैमानिकाचा परवाना

१९२८ मध्ये मुंबईजवळ जुहू येथे विमानतळ सुरू झाला आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबचे शिक्षण उपलब्ध झाले. जे.आर.डी. यांनी तेथे उड्डाणाचे धडे घेतले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा या संस्थेचा परवाना मिळाला. त्याचा क्रमांक १ होता.

तत्कालीन विमाने व जमिनीवरील हाताळणी

त्या काळी फ्लाइंग क्लबांत डी हॅविलंड कंपनीचे जिप्सी मॉथ हे दोन आसनी, दोन मजली पंखांचे विमान प्रचलित होते. त्याची दोन मुख्य चाके पुढे असत आणि शेपटी मागच्या घसरपट्टीवर टेकलेली असे. विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे येत असल्याने, धावताना नाक किंचित जरी वळले तरी मागचा भार बाहेर ढकलला जाऊन वळण अधिकच वाढे. वेळीच सुकाणू न मारल्यास विमान जागच्या जागी गरकन फिरे. यात पंखाचे टोक जमिनीला घासे किंवा चाकांचे दांडे मोडत. वैमानिकांच्या भाषेत यास ग्राउंड लूप म्हणतात.

आडवा वारा असल्यास धोका वाढे. उभे शेपूट वातकुक्कुटाप्रमाणे वाऱ्यात सापडून नाक वाऱ्याच्या दिशेला ओढले जाई. आरंभीच्या मॉथला ब्रेक नसत. सावकाश चालताना सुकाणूला हवेचा पुरेसा जोरही मिळत नसे. त्यामुळे वारा जोराचा असल्यास पंखाचे टोक धरून चालणारा मदतनीस लागे. जमिनीवर नाक वर उचललेले असल्याने समोरचे दिसत नसे, म्हणून वैमानिक नागमोडी वळणे घेत व बाजूने डोकावून वाट पाहत. पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करावे लागे, आणि तोवर चाकांखाली ठोकळे लावलेले असत.

याच कारणाने तेव्हाची विमानतळे अरुंद धावपट्टीची नसून मोकळ्या मैदानांची असत. वारा कोणत्याही बाजूचा असला तरी वैमानिक त्याच्या समोर तोंड करून उतरू शके. गवत व माती यांवर घसरपट्टीला पकडही चांगली मिळे. मात्र चिखल झाल्यास पुढची चाके रुतत, शेपूट वर उचलले जाई आणि विमान नाकावर पडून पंखा मोडे.

आगाखान पारितोषिक

१९२९ मध्ये इंग्लंड व भारत यांदरम्यान एकट्याने विमान नेणाऱ्या भारतीयास आगाखान यांनी पारितोषिक जाहीर केले. जे.आर.डी., अस्पी इंजिनियर आणि मनमोहन सिंग हे तिघे या स्पर्धेत उतरले. जे.आर.डी. कराचीहून इंग्लंडकडे, तर अस्पी इंग्लंडहून भारताकडे निघाले होते. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लगअभावी अडकलेल्या अस्पींना जे.आर.डी. यांनी आपल्याजवळचे प्लग दिले. पुढे पारितोषिक अस्पींना मिळाले. हेच अस्पी इंजिनियर पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

टपालसेवा

ब्रिटिश वैमानिक नेव्हिल विन्सेंट यांच्या योजनेवरून टाटा सन्सने १९३२ मध्ये हवाई टपालाचा व्यवसाय सुरू केला. इंपीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेली टपाले पुढे दक्षिणेस नेणे हे तिचे काम होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. यांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पुस मॉथ विमानाने उड्डाण केले. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेले इंधन डब्यांनी भरून दुपारी ते जुहूस पोहोचले. तेथून विन्सेंट यांनी टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले.

पुस मॉथ हे बंद कक्षाचे, एकमजली पंखांचे विमान होते. चाकांच्या दांड्यांवरील आवरणे वैमानिकाला आडवी फिरवता येत व त्यांचा हवेत गतिरोधासारखा उपयोग होई. लहान मैदानात उतरताना ही सोय मोलाची ठरे. तथापि चाके टेकल्यावर शेपटीचा मूळ प्रश्न कायमच राही.

पहिल्या वर्षी या सेवेने १,६०,००० मैल अंतर कापले, १५५ प्रवासी व १०.७१ टन टपाल नेले आणि वक्तशीरपणाबद्दल प्रशंसा मिळवली.

जुहू व येरवडा

या वक्तशीरपणात खरी परीक्षा पावसाळ्याची होती. जुहूचे मैदान समुद्रालगतच्या गाळाच्या सपाटीवर होते आणि पावसाळ्यात भरतीच्या वेळी ते पाण्याखाली जाई. अशा जमिनीवर शेपटीच्या चाकाची विमाने उतरवणे अशक्य असल्याने विमाने, वैमानिक व यंत्रज्ञ असा सारा पसारा पुण्याला हलवला जाई. येरवडा तुरुंगाजवळील मैदान विमानतळ म्हणून वापरले जाई. टपालाची वेळ पाळण्यासाठी कोरडी जमीन शोधणे हाही उड्डाणाचाच भाग मानला गेला.

दख्खन व धाराशिव

पुढे टपालमार्गात हैदराबादचा समावेश झाला. जुहू ते हैदराबाद ही सरळ रेषा आजच्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यावरून जाते. हा जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात चिकट होते. इंजिन बंद पडून शेतात उतरावे लागल्यास ती लहान चाकांना घातक ठरणारी जमीन होय. १९४५ मध्ये निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारीतून डेक्कन एअरवेज ही कंपनी स्थापन झाली. धाराशिव येथे आता छोटी धावपट्टी आहे.

उत्तरायुष्य

१९३८ मध्ये जे.आर.डी. टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. टाटा एअरलाइन्सचे १९४६ मध्ये एअर इंडिया असे नामांतर झाले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. ते नाकाखालीही चाक असलेले लॉकहीड कॉन्स्टेलेशन होते. अशा रचनेत गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे येतो, त्यामुळे विमान जमिनीवर आपोआप सरळ राहू पाहते. १९५३ मध्ये विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी १९७८ पर्यंत एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिले.

पहिल्या टपाल उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १५ ऑक्टोबर १९८२ रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी लेपर्ड मॉथ या जुन्या धाटणीच्या विमानाने कराची ते मुंबई प्रवास पुन्हा केला. जेट विमानांच्या काळात त्यांनी निवडलेले हे विमानही शेपटीवर टेकणारेच होते. ते जुहूस सुखरूप उतरले.

भारत सरकारने १९५५ मध्ये पद्मविभूषण व १९९२ मध्ये भारतरत्न देऊन त्यांचा गौरव केला. १९८८ मध्ये त्यांना विमानविद्येतील डॅनियल गुगेनहाइम पदक मिळाले. जिनिव्हा येथे निधनानंतर पॅरिसमधील पेर लाशेझ दफनभूमीत त्यांचा अंत्यविधी झाला.